व्यापारी गोन्सालो

वसईजवळच्या गिरीज गावातली कितीतरी मुलं कला की वाणिज्य, या पेचात असतात. वसईतल्या एका महाविद्यालयात या दोन्ही शाखा आहेत आणि त्याला नाव आहे संत गोन्सालो गार्सिया यांचं. सोळाव्या शतकातला हा वसईचा सुपुत्र जेझुइट धर्मगुरूंकडे शिकला, जपानला गेला, तिथली भाषा शिकला, यशस्वी व्यापारी झाला. मग मनिलात फ्रान्सिस्कन धर्मबंधू बनला. दुभाषा म्हणून तो जपानला परतला आणि १५९७ साली नागासाकीत क्रूसावर हुतात्मा झाला. गिऱ्हाइकांशी बोलून मुरलेली भाषाच त्याच्या धर्मकार्याला उपयोगी पडली असणार, असं मला मनापासून वाटतं. म्हणजे वाणिज्य आणि कला एकमेकींच्या आड येत नाहीत. तेव्हा बाळांनो, ताळेबंदाशेजारी ज्ञानेश्वरी ठेवा, बायबल ठेवा. आणि घरी वाडी असेल, तर केळीचा, फुलांचा व्यवहार आजोबांकडून नीट समजून घ्या.