नित्यकर्म आणि राजमार्ग

आपल्या मीमांसकांनीं कर्माचे नित्य, नैमित्तिक, काम्य आणि निषिद्ध असे चार भेद सांगितले आहेत. त्यांपैकीं नित्यकर्माचें लक्षण असें कीं, तें केल्यानें विशेष फळ मिळत नाहीं. न केल्यास मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. हा विचार संध्यावंदनापुरताच ठेवण्याचें कारण नाहीं; तो सार्वजनिक रस्त्यांस लावून पाहण्यासारखा आहे. नवा रस्ता बांधणें हें काम्यकर्म होय. त्यास कोनशिला आहे, हार आहेत, वृत्तपत्रांतील छायाचित्र आहे. दरड कोसळल्यावर होणारी धांवपळ हें नैमित्तिक. आणि गटार वाहतें ठेवणें, भेग दिसतांच बुजविणें, पावसाळ्यापूर्वीं पूल तपासणें, हें नित्यकर्म. तें उत्तम रीतीनें झालें, तर कांहींच घडत नाहीं. आणि कांहीं न घडणें हेंच त्याचें फळ. असलें फळ मिरवणुकींत मिरवितां येत नाहीं, म्हणूनच राज्यकर्त्यांस तें गोड लागत नाहीं.

परंतु उपेक्षा स्वस्थ बसलेली नसते. तीहि आपलें काम करीत असते. रस्त्याचा मोठा वैरी पाणी. डांबराच्या थरास बारीकशी भेग पडते. तींतून पावसाचें पाणी खालच्या खडी-मुरुमांत झिरपतें आणि पाया मऊ होतो. वरून अवजड गाडी गेली, कीं दबलेलें पाणी बारीक मातीस घेऊन वर उसळतें, आंत पोकळी होते आणि वरचें डांबर खचतें. खड्डा एका रात्रींत पडलासा दिसतो. त्याची तयारी मात्र कित्येक महिने चाललेली असते. तेवढ्या महिन्यांत कोणी तरी कांहीं तरी करावयाचें राहून गेलेलें असतें.

मुंबई-गोवा महामार्गाचें उदाहरण घ्या. पनवेलपासून रायगड जिल्ह्यांतील इंदापूरपर्यंतच्या टप्प्याचें चौपदरीकरण 2011 सालीं सुरू झालें आणि एक तप उलटलें तरी पुरें झालें नव्हतें. नव्याची वाट पाहतां पाहतां जुन्याची निगा सुटली. गणपति जवळ आले, कीं चाकरमान्यांसाठीं खड्डे बुजविण्याची घाई उडे, आणि भर पावसांत टाकलेली खडी थोड्याच दिवसांत पुन्हां उखडे. याच मार्गावर महाडजवळ, सावित्री नदीवरील इंग्रजी अमदानींतला पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्रीं महापुरांत कोसळला, आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह काळोखांत नदींत गेल्या. त्यास महापूर किती आणि उपेक्षा किती कारण, याचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, पुढच्याच वर्षाच्या जून महिन्यांत तेथें नवा पूल वाहतुकीस खुला झाला. संकटानंतर वर्षाच्या आंत जें सामर्थ्य प्रगट झालें, तें संकटापूर्वीं कोठें असतें?

यावर असें म्हणतां येईल कीं, सरकारनें कोणास ढकललें तर नाहीं. जें केलेंच नाहीं, त्याचा दोष कसा द्यावा? इंग्रजी कायद्याची भूमिका दीर्घकाळ अशीच होती. 1788 सालीं डेव्हन परगण्यांतील नादुरुस्त पुलामुळें एकाची गाडी मोडली. त्यानें नुकसानभरपाई मागितली. पण सर्वांची गैरसोय होण्यापेक्षां एकानें हानि सोसलेली बरी, अशा विचारानें न्यायाधीशांनीं त्याचा दावा फेटाळला. पुढें असा नियमच रूढ झाला कीं, रस्त्यावर चुकीचें काम केलें तर अधिकारी जबाबदार, कांहींच न केलें तर निर्दोष! आळसास कायद्याचें असें संरक्षण होतें. तें 1961 च्या कायद्यानें काढून घेतलें. आमच्या मीमांसकांस ही सवलत मान्य झाली नसती. कारण कर्तव्य ज्याच्या अंगावर आहे, त्याचें न करणें हेंहि आचरणच होय.

आणि हें कर्तव्य सरकारनें नुसतें अंगावर घेतलेलें नाहीं. त्याचें मोल घेतलें आहे. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं 1927 सालीं नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून, पेट्रोलवरील जादा करांतून रस्त्यांसाठीं स्वतंत्र निधि उभा राहिला. आजहि इंधनावर रस्त्यांच्या नांवानें उपकर आहे. ज्या कामासाठीं पैसा घेतला, तें काम न करणें हा ठेवीचा अपहार होय.

तथापि येथें एक मोठा फरक आहे. संध्या चुकविणाऱ्याचा दोष त्याचा त्यासच लागतो. रस्त्याची निगा चुकविणारा मात्र आपल्या खोलींत सुखरूप असतो, आणि प्रत्यवाय भोगतो पहांटे दुधाचे कॅन घेऊन निघालेला दुचाकीस्वार. चुकणारा एक आणि भोगणारा दुसरा, हीच या प्रश्नांतील खरी अनीति. मुंबई उच्च न्यायालयानें 2018 सालीं सुस्थितींतील रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरविला, आणि 2025 सालीं खड्ड्यांमुळें मेलेल्यांच्या वारसांस भरपाई देण्याचा आदेश दिला. पैशानें माणूस परत येत नाहीं. पण दोष त्याच्या खऱ्या धन्याच्या दारीं पोंचविण्याचा हा एक मार्ग आहे.

दुसरा मार्ग आपल्या हातीं आहे. मत मागावयास आलेल्यास आपण नवा रस्ता कोणता आणलास असें विचारतों. जुना कोणता सांभाळलास असें विचारीत नाहीं. कोनशिलेपुढें टाळ्या वाजविणारे आपणच, आणि गटार उपसणाऱ्या मजुराकडे न पाहतां पुढें जाणारेहि आपणच. ज्या समाजास नित्यकर्माची किंमत कळत नाहीं, त्यास सरकारहि केवळ काम्यकर्मांत रमणारेंच लाभावें, यांत नवल कसलें?