अर्धा रस्ता

दौंड-मनमाड रेल्वेमार्गावर, उसाच्या पट्ट्यात, एक फाटक होतं. गळिताचा हंगाम सुरू झाला की तिथे दिवसभर वर्दळ. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, कारखान्याकडे निघालेल्या टायरगाड्या, शाळेच्या बस, दूधवाल्यांच्या मोटारसायकली. फाटक पडलं की डावीकडे रांग लागायची. मग मागून येणारे उजवी बाजू मोकळी बघून तीही भरून टाकायचे. पलीकडेही तेच. फाटक उघडलं की रुळांवर दोन्हीकडची वाहनं समोरासमोर अडकायची आणि कोण मागे घेणार यावरून भांडण जुंपायचं.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेला एक गाडीवान मात्र रोज डावीकडेच थांबायचा.

"मामा, बाजू रिकामी आहे, घाला की गाडी!" मागून कुणीतरी ओरडायचं.

"रिकामी न्हाई ती. पलीकडनं येनाऱ्यांची हाय," एवढंच तो म्हणायचा. लोक हसायचे आणि त्याच्या बाजूने पुढे निघून जायचे.

२६ जानेवारीची सकाळ होती. गावातली तरुण मुलं ध्वजवंदन आटोपून मोटारसायकलींची फेरी काढून निघाली होती. घोषणांनी रस्ता दणाणत होता. त्या मुलांचं देशप्रेम खोटं होतं असं मुळीच नाही. पहाटे उठून शाळेचं मैदान त्यांनीच झाडलं होतं. फाटक पडलेलं दिसलं, तशी ती सवयीने उजवीकडून पुढे सरकली. पलीकडून शेजारच्या गावची फेरी येत होती. तिनेही तेच केलं. गाडी गेली, फाटक उघडलं आणि तिरंगा घेतलेले दोन जमाव रुळांवर एकमेकांसमोर उभे राहिले. कुणालाच वाट उरली नाही.

तेवढ्यात मागून १०८ची रुग्णवाहिका आली. आत अडलेली बाळंतीण होती. तिकडे गेटमनच्या केबिनमधला फोन वाजला. पुढची पॅसेंजर येत होती, स्टेशनमास्तर फाटक बंद करायला सांगत होते. असं फाटक आणि सिग्नल एकमेकांना जोडलेले असतात. फाटक लागून कुलूप बसल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. म्हणजे चार मोटारसायकली चुकीच्या बाजूला घुसल्या की अख्खी गाडी खोळंबते. अशा गाडीत कुणी परीक्षेला निघालेलं असतं, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी मयतीला. दूरवर इंजिनाची शिट्टी पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागली.

गेटमन बाहेर धावला. त्याच्याही हातात झेंडे होते, एक लाल, एक हिरवा. "अहो, देशाचा जयजयकार दोन्हीकडून चाललाय, आणि देशाची गाडी तुमच्यापायी सिग्नलला उभी आहे!" तो कळवळून म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. हलावं असं प्रत्येकाला वाटत होतं, पण मागे वाहनं असल्यामुळे कुणालाच हलता येईना.

गाडीवानाने कासरा बायकोच्या हाती दिला आणि खाली उतरला. सगळी ओरड पुढे, रुळांवर चालली होती. तो उलट्या दिशेने चालत गेला, उजव्या बाजूच्या अगदी शेवटच्या मोटारसायकलपाशी.

"दादा, तू शेवटचा हायेस. तू मागं झालास तरच पुढचा होईल."

त्याने स्वतः हँडल धरून गाडी मागे ओढली. मग तिच्या पुढची, मग तिच्याही पुढची. तिसऱ्या-चौथ्या गाडीनंतर मुलांच्या ध्यानात आलं आणि ती आपणहून मागे होऊ लागली. पलीकडे गेटमनने तसंच शेवटापासून सुरू केलं. रूळ मोकळे झाले, रुग्णवाहिका पुढे गेली, फाटक लागलं. गेटमनने फोनवरून स्टेशनमास्तरांना फाटक लागल्याची खूण म्हणून खासगी नंबर दिला, सिग्नल झाला, आणि पॅसेंजर धडधडत निघून गेली. खिडक्यांतल्या कुणालाच काय घडलं ते ठाऊक नव्हतं.

फेरीचा म्होरक्या गाडीवानापाशी आला. "मामा, शाळेत चला. तुमचा सत्कार करायचाय."

"न्हाई बाबा. ऊस वाळतोय, काट्यावर वजन घटंल." त्याने कासरा हाती घेतला. "करायचंच आसंल तर उद्या फाटक पडल्यावर माझ्या मागं उभा ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी तो मुलगा खरोखर त्याच्या मागे थांबला. मागचे हॉर्न वाजवत राहिले, दोघं-चौघं टोमणे मारत बाजूने गेले. घोषणा देताना शंभर जण सोबत होते. इथे तो एकटा होता, आणि खरं सांगायचं तर हे त्याला जास्त जड गेलं. तिसऱ्या दिवशी त्याचे दोन मित्र आले. त्यांच्या मागे ट्रॅक्टरवाला थांबला, कारण ट्रॉलीला वळायला जागाच उरली नव्हती.

पण पलीकडची बाजू भरलेलीच असायची, त्यामुळे कोंडी काही सुटेना. एका बाजूने शिस्त पाळून भागत नाही, हे मुलांना तिथेच उमगलं. त्या संध्याकाळी ती शेजारच्या गावच्या मुलांकडे गेली. थोडी बाचाबाची झाली, आधी कोण घुसलं यावरून. मग चहा झाला. आणि हंगाम संपेपर्यंत रोज संध्याकाळी दोन्ही गावांतली दोन-दोन मुलं आपापल्या बाजूच्या रांगेशी उभी राहतील, असं ठरलं.