हास्यातील वचन

हास्यासंबंधी विचार करणारे लोक बहुधा एकच प्रश्न विचारतात: मनुष्य का हसतो? ग्रीक तत्त्वज्ञांपासून फ्रेंच पंडित बर्गसाँपर्यंत अनेकांनी त्याची उत्तरे दिली आहेत. आमच्या भरतमुनींनी तर स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार पाडून, त्यांतील कोणते उत्तम प्रकृतीस शोभते व कोणते अधम प्रकृतीचे, हेही सांगून ठेविले आहे. परंतु या प्रश्नाच्या पाठीशी दुसरा एक प्रश्न उभा असतो, आणि तो अधिक अडचणीचा आहे. मनुष्याने केव्हा हसावे? दुसऱ्याची फजिती पाहून आम्हांस जो आनंद होतो त्याचे मोल कोण देतो? मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, हे आपल्याकडील शाळा न पाहिलेल्या आजीबाईही जाणतात. मग विनोदी वाङ्मयाचा केवढा तरी भाग मांजराच्या बाजूने लिहिलेला असताना सुशील माणसे तो वाचून हसतात, ती कोणत्या अधिकाराने?

हा प्रश्न आमच्यापुढे नव्याने उभा राहिला तो एका जपानी चित्रकथेच्या वाचनाने. 'कोको वा ग्रीनवूड', म्हणजे 'हे ग्रीनवूड आहे', असे तिचे नाव असून तिची लेखिका व चित्रकर्त्री नासु युकिए ही आहे. 'हाना तो युमे' या मुलींसाठी निघणाऱ्या नियतकालिकातून ती १९८६ ते १९९१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली व तिचे अकरा खंड झाले. चित्रकथा म्हणताच आपल्याकडील वडीलधारी मंडळी ती पोरासोरांची करमणूक समजून बाजूस सारतात. पण जपानात ज्यास 'मांगा' म्हणतात तो वाङ्मयप्रकार कादंबरी व नाटक यांचा सख्खा भाऊ होय, आणि त्या दोघांइतकाच तो संकेतांनी बांधलेला आहे.

कथा एका मुलांच्या वसतिगृहाची आहे. वसतिगृहाचे खरे नाव 'र्योकुरिन', अर्थ 'हिरवे रान'; त्याचेच विद्यार्थ्यांनी 'ग्रीनवूड' केले. चिनी व जपानी परंपरेत याच 'हिरव्या राना'चा दुसरा अर्थ दरोडेखोरांचा अड्डा असा होतो, आणि तेथील रहिवाशांचे वर्तन पाहता तो अर्थही वाया गेला आहे असे म्हणवत नाही. कथानायक काझुया हासुकावा हा सरळ, तापट आणि गंभीर वृत्तीचा मुलगा. आईबापांवेगळ्या या मुलास थोरल्या भावाने वाढविले. आणि ज्या तरुणीवर त्याचे मूकपणे प्रेम जडले होते तीच भावजय होऊन घरात आली. घरात राहवेना म्हणून तो वसतिगृहाची वाट धरतो. परंतु मनस्तापाने जठरात व्रण होऊन त्यास रुग्णालयात पडावे लागते, आणि इतरांहून महिनाभर उशिरा तो येथे पोहोचतो. येऊन पाहतो तो, ज्या भावापासून दूर पळावयाचे तोच विद्यालयाचा वैद्य! त्यात भर म्हणजे मित्सुरु आणि शिनोबु हे दोन वरिष्ठ विद्यार्थी त्यास विश्वासात घेऊन सांगतात, की तुझ्या खोलीतील सोबती शुन ही वस्तुतः मुलगी असून मुलगा म्हणून येथे राहत आहे. शुनचा चेहरा व लांब केस पाहून काझुयास ते खरे वाटते. तो बिचारा संकोचाने अर्धा होतो, त्या 'मुली'च्या अब्रूची काळजी वाहू लागतो, आणि अखेरीस कळते की शुन मुलगाच आहे व सारा बनाव त्याच्या संमतीने झालेला आहे.

हे वाचून आम्ही हसलो. आणि हसून झाल्यावर थोडे ओशाळलो. कारण या प्रसंगात हास्यास्पद असे काय आहे? एक दुखावलेला, नुकताच आजारातून उठलेला मुलगा परक्या ठिकाणी येतो. तो विश्वास ठेवतो, आणि त्याचा विश्वास हीच थट्टेची सामग्री होते. हीच हकीकत कोणी आम्हांस आमच्याच विद्यालयातील म्हणून सांगितली असती, तर आम्ही भुवया चढवून चौकशीची भाषा बोललो असतो. मग तेथे जो अन्याय, तोच येथे विनोद कसा झाला?

पहिले उत्तर चित्रातच आहे. मांगाचा एक संकेत असा की, पात्राची फजिती झाली की त्याची आकृतीच पालटते. उंचापुरा तरुण एकाएकी दोन वितींचा होतो, डोके धडाएवढे, हातपाय बाहुलीचे. कपाळाशी घामाचा एक टपोरा थेंब लोंबतो, किंवा रागाची शीर फुगून दिसते. पुढच्याच चौकटीत तो पुन्हा पहिल्यासारखा उभा. हा केवळ चित्रकाराचा चाळा नव्हे. ॲरिस्टॉटलने विनोदी नाटकातील मुखवट्याविषयी म्हटले आहे की, तो विद्रूप व वेडावाकडा असतो, पण त्यात वेदना नसते. मांगातील ती ठेंगणी आकृती म्हणजे असाच एक वेदनारहित मुखवटा होय. 'याला लागलेले नाही. हसावयास हरकत नाही,' असे ती वाचकास सांगते. हसताना अंतःकरण क्षणभर बधिर व्हावे लागते, असे प्रतिपादन बर्गसाँने आपल्या १९०० सालच्या ग्रंथात केले. येथे तो बधिरपणा वाचकास आणावा लागत नाही, कलावतीच तो एका रेषेने आणून देते.

दुसरा संकेत जपानी रंगमंचावरून आलेला आहे. 'मान्झाई' नामक प्रकारात दोन नट उभे राहतात. एक काहीतरी वेडगळ बोलतो, त्यास 'बोके' म्हणतात, आणि दुसरा त्यास तत्काळ टोकून, प्रसंगी चापट मारून, ताळ्यावर आणू पाहतो, तो 'त्सुक्कोमी'. ग्रीनवूडमध्ये ही दुसरी भूमिका बहुतेक वेळा काझुयाकडे येते. साऱ्या घरात शहाणा असा तो एकटाच, आणि म्हणूनच फजिती त्याची! बर्गसाँच्या मते समाज हसतो तो चक्रम व्यक्तीस सुधारण्यासाठी. येथे चक्रमांचा समाज एका साध्या माणसास हसतो. परंतु जरा थांबून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, काझुयाच्या साधेपणातही एक ताठरपणा आहे. आपले दुःख जगातील एकमेव दुःख आहे अशा समजुतीने तो घरातून निघाला होता. मित्रांच्या उपद्व्यापाने दुसरे काही साधले नसेल, पण त्या दुःखाभोवती दिवसभर बसून राहण्याची सवड त्यास उरली नाही, एवढे खरे.

तथापि खरे मर्म आम्हांस सापडले ते एका शब्दात. अशा ठरलेल्या विनोदी प्रसंगांना, म्हणजे जो पडणार हे ठाऊक असते तोच पडतो, जे दार उघडू नये तेच उघडले जाते, अशा पुनरावृत्तींना जपानी लोक 'ओयाकुसोकु' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'वचन' असा आहे. आपल्या 'संकेत' या शब्दातही तोच अर्थ लपलेला आहे. साहित्यशास्त्रात त्याचा रूढीसारखा अर्थ झाला. पण दोघांनी मिळून ठरविलेली खूण, हा त्याचा मूळचा भाव अद्याप गेलेला नाही. विनोदाचा संकेत म्हणजे लेखकाने वाचकास दिलेले वचन होय. पडणारा पुन्हा उठेल. आज ज्याची फजिती झाली तो उद्या याच पंक्तीस जेवावयास बसेल. आणि थट्टा करणाऱ्यांपैकीच कोणीतरी त्याच्या अडचणीच्या वेळी धावून येईल. या वचनाच्या जामिनकीवर आपण हसतो. ते नसते तर तीच चित्रे पाहून आपण पुस्तक मिटून ठेविले असते.

आणि जीवनात नेमके हेच वचन कोणी दिलेले नसते. विद्यार्थिदशेत आम्ही ज्या वसतिगृहात राहत होतो तेथे लहानशा गावातून आलेला एक मुलगा होता. त्याच्या बोलण्याची लकब आणि नवी ट्रंक यांवरून आम्ही दोनतीन महिने मनमुराद हसलो. कोणी त्यास मारले नाही, कोणी त्याचे काही चोरले नाही. दिवाळीच्या सुटीत तो घरी गेला तो परत आलाच नाही. त्याची ट्रंक न्यावयास त्याचे वडील आले होते. त्यांनी आम्हांलाच विचारून ती उचलली, आणि मुलाकडे लक्ष ठेविल्याबद्दल आमचे आभार मानले. या गोष्टीस कित्येक वर्षे लोटली. महाराष्ट्रात १९९९ साली अशा छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाही झाला. पण कोणत्याही कायद्याच्या कलमात बसले नसते असे ते आमचे हसणे आम्हांस अजून आठवते. कादंबरीतील हास्य आम्ही उसने आणले होते. त्याबरोबर येणारे वचन मात्र आणले नव्हते.

या ठिकाणी दुसऱ्या एका जपानी वसतिगृहाची आठवण होते. नात्सुमे सोसेकी यांची 'बोच्चान' ही १९०६ सालची कादंबरी विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यातील तरुण शिक्षक वसतिगृहावर रात्रपाळीस असताना मुले त्याच्या अंथरुणात ढीगभर टोळ सोडतात. तो त्यांना बोलावून जाब विचारतो, तर मुले साळसूदपणे त्या कीटकाच्या नावाविषयीच त्याची चूक काढतात, आणि ते आपणहून आत शिरले असतील असेही सुचवितात. शिक्षकाचा संताप होतो तो टोळांमुळे नव्हे. लहानपणी आपणही खोड्या केल्या, पण केल्यावर 'मी नव्हे' असे कधी म्हटले नाही, हे त्याचे म्हणणे आहे. खोडी आणि शिक्षा ही जोडीने यावयाची. शिक्षा चुकवून खोडीची मौज तेवढी घ्यावयाची, हा त्याच्या मते नीचपणा. आम्हांस वाटते, सोसेकींनी येथे विनोदाच्या नीतीचे अर्धे शास्त्र सांगून टाकले आहे. 'आम्ही नुसती गंमत केली' हे वाक्य जो उच्चारतो तो बहुधा त्या गमतीची जबाबदारी टाळीत असतो. ग्रीनवूडमधील वरिष्ठ आपला बनाव उघड झाल्यावर तो नाकारीत नाहीत, आणि ज्यास फसविले त्याच्याच शेजारी राहतात.

कोणी म्हणेल, लेखकाचे वचन वाचकास मिळाले. ज्याची फजिती झाली त्या पात्रास काय मिळाले? हा आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर आम्हांस त्या दोन आकृतींतच दिसते. विनोदासाठी ठेंगणा केलेला मनुष्य लेखिका पुन्हा पूर्ण उंचीने काढते. हसऱ्या, उनाड मित्सुरुचीच गोष्ट घ्या. तान्हेपणी कोणी त्यास देवळाच्या आवारात टाकून गेले होते व तेथील कुटुंबाने त्यास आपला म्हणून वाढविले, हे कळते तेव्हा त्याचे हसणे निराळे दिसू लागते. काझुयाचे भावजयीवरील प्रेमही थट्टेचा विषय होते, पण खोटे ठरविले जात नाही. ज्याला हसावयाचे त्याला अंतःकरण आहे हे मान्य करून मग हसावे, असा हा न्याय आहे. निकृष्ट विनोदात पात्र एकदा ठेंगणे झाले की ठेंगणेच राहते.

दुसरा एक आक्षेप मात्र आमच्याने पुरता खोडून काढवत नाही. शुनच्या मुलीसारख्या दिसण्यावर उभारलेल्या विनोदात हास्यास्पद ठरतो तो शुन नव्हे, त्याजवर विश्वास ठेवणारा काझुया. शुन तर आपल्या रूपाविषयी निःशंक आहे. शिवाय हे सारे लिहिले एका स्त्रीने, मुलींच्या नियतकालिकात. ज्या घरात त्यांना प्रवेश नाही त्या घराकडे बाहेरून पाहून त्या हसत आहेत, आणि बाहेरच्याचे हसणे बलवानाच्या हसण्याहून वेगळे असते. हे सर्व खरे. परंतु पुस्तकाबाहेर एखाद्या खऱ्या वसतिगृहात शुनसारखा दिसणारा एखादा मुलगा असतो. त्याच्यापाशी शुनचा निःशंकपणा नसतो, आणि लेखिकेचे वचन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वाचक जे हसणे तेथे शिकला ते येथे खर्च करील, तर मस्करीची कुस्करी होण्यास वेळ लागणार नाही. हा दोष पुस्तकाचा म्हणावा की वाचकाचा? आमच्या मते बराचसा वाचकाचा. पण सर्वस्वी नव्हे.

तेव्हा हसण्याचा अधिकार कोणी दिला, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की, तो कोणी देत नाही; तो कमवावा लागतो. पुस्तकात तो लेखक आपल्यासाठी कमावून ठेवतो. पडलेल्यास उठविणे, केलेली खोडी कबूल करणे, आणि ज्यास हसलो त्यास त्याची पूर्ण उंची परत देणे, ही कामे तेथे दुसरा कोणी करीत असतो म्हणून आपल्याला ती दिसत नाहीत. पुस्तक मिटल्यावर ती आपल्यावर येऊन पडतात. आपल्या घरचे मूल उद्या परगावी शिकावयास जाईल, तेव्हा तेथे त्याची कधीच थट्टा होऊ नये अशी इच्छा आम्ही धरणार नाही. थट्टेवाचून मैत्री होत नाही. थट्टा करणारे त्या रात्री त्याला जेवावयास हाक मारतील ना, एवढेच आम्ही विचारू.