विघटक

आठवीच्या वर्गात जीवशास्त्राच्या तासाला मास्तरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. उत्पादक, भक्षक, विघटक. साल १९७५. गवत उत्पादक. गाय, वाघ भक्षक. आणि जे मेलं ते कुजवून पुन्हा मातीला देणारे जिवाणू अन् बुरशी, ते विघटक. मास्तर म्हणाले, हे नसते तर पृथ्वीवर मढ्यांचा ढीग पडला असता, मातीचा कस गेला असता, पीक उगवलं नसतं. मी वहीत उतरून घेतलं. मागच्या बाकावर बसून. पुढचा बाक आमचा नव्हता.

मग मास्तर हसून म्हणाले, ‘‘समाजातही असंच असतं. ज्याचं त्याचं काम नेमलेलं. कुणी पिकवायचं, कुणी राखायचं, कुणी मेलेलं ओढायचं. निसर्गाचीच रचना आहे ती.’’

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पोरांनी मात्र वळून पाहिलं.

दोस्तांनो, तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात वळवळतो आहे. निसर्गात जे आहे, त्यावरून माणसात काय असावं हे ठरतं काय?

पहिलं उत्तर मला त्याच वर्गात मिळालं असं वाटलं होतं. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक. मास्तरांनी गावच्या बारवेच्या पाण्याचा थेंब दाखवला, मग वाड्याजवळच्या नाल्याचा. ज्या बारवेची पायरी आम्हांला चढू देत नव्हते, तिच्यातही तेच वळवळणारे जीव! मी मनात ओरडलो, सापडला साक्षीदार! किड्याला जात कळत नाही. विटाळ खोटा आहे.

असे जीव पहिल्यांदा पाहिले ते हॉलंडातल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहुक नावाच्या कापड व्यापाऱ्यानं. लॅटिन न येणारा माणूस. १६७६ साली त्यानं पाण्यातले जीव लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवले. १६८३ साली त्यानं स्वतःच्याच दातांवरचा मळ भिंगाखाली धरल्याचं लिहिलं. घाण शोधायची ती त्यानं स्वतःच्या तोंडातही शोधली. आमच्याकडच्या शास्त्रकारांनी ती कायम दुसऱ्याच्या सावलीत शोधली.

आणि आमच्याकडं काय झालं? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यालं, तर सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ करायला १०८ घागरी घेतल्या आणि गाईचं शेण, गोमूत्र, दूध, दही पाण्यात ओतलं. जनावराच्या आतड्यातले जंतू शेणातून पाण्यात जातात हे शाळकरी पोरालाही कळतं. माणसाच्या ओंजळीनं बाटलेलं पाणी शेणानं शुद्ध झालं! तेव्हा जंतूंचं शास्त्र जगाला माहीत होतं. पाश्चर जाऊन ३१ वर्षं झाली होती. म्हणजे प्रश्न अज्ञानाचा नव्हताच.

इथंच माझा पहिला साक्षीदार फुटला. जंतूला जात नाही हे सांगून विटाळ जात नाही. विटाळ बदलतो. तो आता ‘स्वच्छते’ची भाषा बोलतो. शहरात घर मागायला गेलो तर ‘तुमची जात कोणती’ असं विचारत नाहीत. ‘तुमच्यात खाणंपिणं कसं असतं’ असं विचारतात. अन् मास्तर तर त्याच जंतूला जातीचा साक्षीदार करत होते. मीही त्याला समतेचा साक्षीदार करत होतो. दोघंही चुकत होतो. जंतू कुणाचाच साक्षीदार नाही. उद्या शास्त्रानं माणसामाणसांत कसलाही फरक दाखवला, तरी माझं माणूसपण त्याच्या दाखल्यावर उभं नाही.

मास्तरांना खरं उत्तर दिलं माझ्या बानं. त्या दिवशी घरी येऊन मी धडा सांगितला. तो विडी विझवत म्हणाला,

‘‘आरं, छप्पन साली बाबासायबांनी दीक्षा दिली अन् आमी दोर टाकला. मंग पाटलाचा बैल मेला. चार दिस बांधावर पडून व्हता. वास सुटला. गावानं आमचं दळण बंद केलं, किराणा बंद केला. आमी न्हाई हाललो. शेवटी त्येंच्याच गड्यांनी खड्डा काढून पुरला. पावसाळ्यात तितं ह्ये एवढं गवत आलं. म्हंजी आमच्याबिगर बी कुजतंयच की!’’

बा शाळा शिकला नव्हता. पण मास्तरांच्या उपमेतलं भोक त्याला दिसलं होतं. विघटकाला दोर टाकता येत नाही. कुजवणं हेच त्याचं जगणं. माणूस दोर टाकू शकतो. ज्याला नकार देता येतो त्याच्या कामाला निसर्ग म्हणायचं, ही लबाडी आहे.

आणि ती लबाडी अजून चालू आहे. मैला साफ करायला माणूस लावण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. तरी गटारात माणसं उतरवली जातात आणि मरतात. तिथं जिवाणू हवेविना मैला कुजवतात, त्यातून मिथेन, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो वायू जात बघत नाही, खरं आहे. पण त्या भोकाशी कुणाला उभं करायचं, हे वायू ठरवत नाही. ते आपण ठरवतो.

विघटकांचा मला राग नाही. त्यांच्यावाचून पीक नाही, भाकर नाही. पण मास्तर, त्यांच्या रांगेत माझं नाव लिहू नका. मी दोर टाकलेल्या माणसाचा पोरगा आहे.