गाण्याचा धनी

लोकगायकाचे चरित्र रंगभूमीवर आणण्याचा मोह जितका स्वाभाविक, तितकाच तो धोक्याचाही आहे. राजाचे किंवा मुत्सद्द्याचे चरित्र नाटकात येते तेव्हा त्याच्या कर्तृत्वाची केवळ छाया आपल्यापुढे हलत असते; पानिपतची लढाई रंगमंचावर कोणी खरोखर लढत नाही. गायकाचे तसे नव्हे. त्याचे कर्तृत्व म्हणजे त्याचे गाणे, आणि ते छायारूपाने नव्हे तर साक्षात, सदेह प्रेक्षकाच्या कानी पडते. म्हणून अशा संगीतिकेत चरित्र आणि गाणे यांच्यात पडदा उघडताच एक मूक तंटा सुरू होतो. चरित्र सांगत असते, की हे गाणे अमक्या साली अमक्या दुःखातून जन्मले. आणि गाणे, ते खरोखरीचे लोकगीत असेल तर, आपल्याला जन्मतिथीच नाही असा दावा करीत असते. या तंट्याचा निवाडा कसा होतो यावर त्या प्रयोगाचे मोल ठरते, असे माझे मत आहे.

अमेरिकेतील लोकगायक वुडी गथ्री याच्या आयुष्यावरील ‘वुडी सेझ’ ही संगीतिका या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. ‘पीपल्स वर्ल्ड’ या कम्युनिस्ट पत्रात गथ्री याच नावाचे सदर लिहीत असे. डेव्हिड लट्किन या नटगायकाने दिग्दर्शक निक कॉर्ली यांच्या साहाय्याने रचलेला हा प्रयोग २००७ साली एडिंबरोच्या फ्रिंज महोत्सवात प्रथम झाला. नट अवघे चार. तेच वाद्ये वाजवितात, तेच गातात, आणि लट्किन वुडीची भूमिका करीत असता उरलेले तिघे क्षणात आई, क्षणात मुकादम, क्षणात रेडिओचा निवेदक होऊन जातात. वाद्यमेळ पडद्याआड दडविलेला नाही. आपल्याकडील गोंधळी किंवा तमासगीर यांना या व्यवस्थेत नवलाचे काहीच वाटले नसते.

वुडीचे आयुष्य म्हणजे नाटककाराला आयती चालून आलेली दौलत. १४ जुलै १९१२ रोजी ओक्लाहोमातील ओकीमा या गावी तो जन्मला. बाप जमिनींचे सौदे आणि स्थानिक राजकारण यांत गुंतलेला, काही काळ सधन आणि मग कफल्लक. बहीण भाजून मेली. पुढे बापही आगीत होरपळला, आणि त्याच सुमारास बुद्धिभ्रंश झालेल्या आईची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. १९४७ साली वुडीची चार वर्षांची मुलगी आगीतच गेली. मधल्या काळात, १४ एप्रिल १९३५ रोजी, मैदानी मुलुखावर काळ्या धुळीचे ते प्रलयंकर वादळ आले, ज्याने भरदिवसा अंधार केला. वुडी तेव्हा टेक्ससमधील पॅम्पा येथे होता. अग्नी आणि धूळ ही दोन महाभूते ज्याच्या जन्मकुंडलीत अशी ठाण मांडून बसली आहेत, त्याचे नाटक लिहिताना लेखणी आवरणे कठीणच.

परंतु धुळीने देशोधडीला लावलेल्या कुणब्यांचा हा शाहीर स्वतः कुणबी नव्हता. तो पाट्या रंगवी, शिष्टांची पुस्तके वाची, आणि लॉस एंजेलिसच्या रेडिओवर गाऊ लागल्यावर त्याने आपली बोली आणि आपला अडाणीपणा विचारपूर्वक घडविला. त्याचे दुःख खरे होते, पण वेष धारण केलेला होता. ही गोष्ट त्याच्या अप्रामाणिकपणाची नव्हे. बहुतेक शाहीर आपल्या श्रोत्यांच्या तोंडची भाषा अशीच कमावून आणतात. मात्र जो मनुष्य जिवंतपणीच स्वतःची भूमिका करीत होता, त्याची भूमिका करणाऱ्या नटाने नेमके कोणाला उभे करायचे, हा प्रश्न उरतोच.

चालींच्या बाबतीतही तेच. फेब्रुवारी १९४० मध्ये न्यू यॉर्कच्या एका हलक्या प्रतीच्या हॉटेलात बसून त्याने आपले सर्वांत प्रसिद्ध गीत लिहिले, ‘धिस लँड इज युअर लँड’. आयर्व्हिंग बर्लिन यांचे ‘गॉड ब्लेस अमेरिका’ रेडिओवर अहोरात्र वाजत होते, त्याचा वीट आल्याने दिलेले ते प्रत्युत्तर होते. पण त्याची चाल कार्टर कुटुंबाच्या एका गीतावरून उचललेली, आणि ते गीतही एका जुन्या बाप्टिस्ट भजनाच्या वळणावर गेलेले. चाल परकी, निमित्त दुसऱ्याचे गाणे, आणि पुढे शाळाशाळांतून मुले ते म्हणू लागली तेव्हा खासगी मालकीच्या पाटीवर आणि दुष्काळी मदतीच्या कचेरीपुढील रांगेवर बोट ठेवणारी कडवी हळूच गळून पडली. अण्णाभाऊ साठे यांच्या मैनेच्या छक्कडीचे आपण काय केले हे आठवावे: बेळगाव-कारवारच्या ताटातुटीचा तो आक्रोश पुष्कळांच्या मुखी केवळ विरहगीत होऊन राहिला. गाण्याला घर मिळते ते पुष्कळदा असे नखे काढूनच.

सामान्य चरित्रनाट्यात गाणे हे प्रसंगाचे कार्य असते. नायकावर आघात होतो आणि पुढच्याच क्षणी गीत उमटते. ही कार्यकारणाची साखळी मला नेहमीच थोडी बाळबोध वाटत आली आहे. नारदीय कीर्तनाची रीत याहून सूक्ष्म. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण आधी होते, आणि उत्तररंगातील आख्यान त्या अभंगाची साक्ष देण्यासाठी मागाहून येते. तेथे चरित्र गाण्याचे जनक नसून साक्षीदार असते, आणि साक्षीदाराने फिर्यादीच्या जागी बसू नये एवढी शिस्त कीर्तनकार सहसा पाळतो. ‘वुडी सेझ’मधील नट भूमिकेतून बाहेर येऊन सरळ प्रेक्षकांशी बोलतात आणि गात गातच पुन्हा भूमिकेत शिरतात, तेव्हा अमेरिकन संगीतिका नकळत या रीतीच्या जवळ आलेली असते.

गौरवाच्या नाटकाची एक अडचण मात्र अशी, की सनद देणाऱ्याला ती देताना चुका मांडता येत नाहीत. मे १९४१ मध्ये सरकारच्या बॉनव्हिल वीज खात्याने वुडीला एक महिना नोकरीस ठेवले आणि २६६ डॉलर ६६ सेंट मुशाहिऱ्यावर कोलंबिया नदी व तिच्यावरील धरणे यांची स्तुतिगीते लिहवून घेतली. त्याने महिन्यात २६ गाणी दिली. त्यांतली काही अस्सल आहेत. नदीचा वेग शब्दांत उतरविणे त्याला साधले होते. परंतु ज्या ग्रँड कूली धरणाचे तो पोवाडे गात होता, त्याच धरणाने सामन माशांची वाट कायमची अडविली आणि आदिवासी जमातींची केटल फॉल्स ही पिढीजात मासेमारीची जागा पाण्याखाली घातली. त्याच वसंतात त्याचे कम्युनिस्ट पंथाचे साथीदार युद्धविरोधी गाणी गात होते, आणि जूनमध्ये हिटलरने रशियावर स्वारी करताच त्या कंपूचा सूर एका रात्रीत युद्धाकडे वळला. शाहीर राजाश्रयाचा असो वा पक्षाश्रयाचा, दप्तराची शाई त्याच्या गळ्याला थोडीफार लागतेच. धरणग्रस्तांच्या व्यथा ऐकलेल्या महाराष्ट्राला हे अधिक समजावे.

याहूनही कठीण आहे त्याचा शेवट. आईला ग्रासणारा हंटिंग्टनचा आनुवंशिक विकार वुडीलाही जडला. सन १९५४ पासून ३ ऑक्टोबर १९६७ रोजी मृत्यू येईपर्यंतचा काळ बव्हंशी इस्पितळांत गेला. हात वाद्यावर ठरेना, मग वाचाही गेली. संगीतिका हा मुळात गाण्यावर जगणारा प्रकार. ज्या नायकाला गाता येत नाही त्याचे तिने करावे काय? बहुतेक रचनाकार ही तेरा वर्षे दोनचार वाक्यांत उरकतात. पण माझ्या मते या आयुष्यातील खरे नाट्य तेथेच आहे. १९६१ च्या आरंभी बॉब डिलन नावाचा एक वीस वर्षांचाही न झालेला तरुण न्यू जर्सीच्या ग्रेस्टोन इस्पितळात त्याला भेटावयास गेला आणि त्याच्यापुढे त्याचीच गाणी गायला. कर्ता श्रोता झाला होता. गाणे धन्याच्या देखत दुसऱ्या गळ्यात नांदत होते. मागे राहिलेल्या तीन हजारांवर गीतांपैकी असंख्यांच्या चाली त्याच्याबरोबरच गेल्या, आणि १९९८ साली बिली ब्रॅग व विल्को यांनी त्यांतील काहींना नव्या चाली लावल्या. वुडीला त्यात वावगे वाटले नसते. आपल्या गीतांच्या एका चोपडीत त्यानेच विनोदाने लिहून ठेवले होते, की परवानगीवाचून जो ही गाणी गाताना सापडेल तो आपला जिवलग मानला जाईल.

आता याच्या उलट बाजू. होनाजी शिलारखाने हा पुण्याचा गवळी आणि त्याचा जोडीदार बाळा करंजकर हा शिंपी. होनाजीने रचावे, बाळाने गावे, अशी उत्तर पेशवाईतील ती जोडी. लावण्या रचणाऱ्या या शाहिराची भूपाळी घरोघरी पहाटे म्हटली गेली, पण म्हणणाऱ्या माउलीला होनाजी कोण होता याची वार्ताही नसे. गाण्याने धन्याला असे पुरते पुसून टाकल्यावर रंगभूमीने पुढे यावे, हे न्यायाचेच झाले. चिं. य. मराठे यांचे ‘होनाजी बाळा’ हे संगीत नाटक आणि त्याआधीचा, १९५१ मधील शांतारामबापूंचा ‘अमर भूपाळी’ हा बोलपट, यांनी कल्पितकथेची सढळ हाताने भर घातली खरी. तरी एका गवळ्याचे आणि एका शिंप्याचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. वुडीच्या बाबतीत कागदपत्रे उदंड, म्हणून नाटकाने हात आखडता घ्यावा. होनाजीच्या बाबतीत ती तुटपुंजी, म्हणून कल्पनेला मोकळीक द्यावी. एकच नियम दोघांना लावणे अन्यायाचे होईल.

‘वुडी सेझ’च्या काही प्रयोगांनंतर ‘हूटनॅनी’ होते. प्रेक्षक घरून गिटार, फिडल, माउथ ऑर्गन घेऊन येतात, नट वेष उतरवून त्यांच्यात बसतात, आणि कोणीही कोणतेही गाणे काढतो. काही टीकाकार याला प्रयोगाची पुरवणी समजतील. मी त्याला प्रयोगाचा उत्तररंग म्हणेन. आमच्या संगीत रंगभूमीवर ‘वन्समोअर’ने नाटकाचा रसभंग होतो, मरणोन्मुख नायिका तीनतीनदा तीच तान घेते, अशी तक्रार जाणत्यांनी फार केली, आणि इतर नाटकांपुरती ती योग्यही होती. पण ज्या नाटकाचा विषयच लोकांचा गायक आहे, तेथे पिटातल्या माणसाने कथानकाला खुशाल थांबवावे आणि गाणे मागून घ्यावे. ते त्याचेच आहे.