हरलेल्यांसाठी वेळापत्रक

सदाशिव पेठ ज्यांचे नाव मिरवते ते सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. इतका मोठा पराभव मराठी मुलखाने क्वचितच पाहिला असेल, तरी पुण्याने भाऊंचे नाव पुसले नाही. ते आजही पत्त्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर लिहिले जाते. याच पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाची वास्तू आहे. वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली ही संस्था स्थापन केली. त्याच्या बारा वर्षे आधी, १८९८ मध्ये, राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला होता. १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपताकडे नेणाऱ्या वर्षांतली पत्रे त्यात आहेत. महाराष्ट्रातल्या साधनसंशोधनाच्या एका थोर उद्योगाची सुरुवात अशी हरलेल्या मोहिमेच्या कागदांपासून झाली. जिंकलेल्यांच्या बखरी लिहायला माणसे मिळतात. हरलेल्यांचे कागद मात्र कोणीतरी मुद्दाम जपावे लागतात.

हौशी फुटबॉल लीगचा विचार करताना मला हे सारे आठवते. लीग ही व्यवस्था मुळातच हरणाऱ्यांना सामावून घेणारी आहे. स्पर्धेचे दोन जुने प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. बाद पद्धतीत हरला तो घरी जातो. साखळी पद्धतीत हरलेला संघ पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानावर येतो, कारण वेळापत्रकात त्याचे नाव आधीच छापलेले असते. पहिल्या प्रकारात थरार अधिक आहे यात शंका नाही. पण गावाला गाव म्हणून एकत्र राहायला शिकवण्याची ताकद दुसऱ्या प्रकारात आहे असे मला वाटते.

इंग्लंडमध्ये ही कल्पना कशी रुजली ते पाहण्यासारखे आहे. शेफील्ड फुटबॉल क्लब १८५७ साली स्थापन झाला, १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशनने खेळाचे नियम बांधले आणि १८७१ मध्ये एफए कप सुरू झाला. १८८५ साली खेळाडूंना उघडपणे पैसे देण्यास मान्यता मिळाली. क्लबांचा खर्च वाढला, पण उत्पन्नाचा भरवसा नव्हता. मैत्रीचे सामने ठरत आणि मोडत. कपाचा सामना आला की ठरलेला पाहुणा संघ येत नसे, जमलेले प्रेक्षक परत जात. बर्मिंगहॅममधले कापडदुकानदार आणि ॲस्टन व्हिला क्लबच्या कमिटीतले विल्यम मॅकग्रेगर यांनी २ मार्च १८८८ रोजी काही क्लबांना पत्र लिहिले. मोजक्या क्लबांनी एकत्र यावे आणि दर हंगामात प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या आणि एकदा त्याच्या मैदानावर खेळावे, अशी त्यांची सूचना होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली.

म्हणजे लीगच्या मुळाशी एक साधी व्यापारी सचोटी होती: येतो म्हटले की यायचे. या सचोटीचा नैतिक अर्थ तिच्या व्यापारी उपयोगापेक्षा फार मोठा निघाला. प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा गाठ पडणार हे आधीच ठाऊक असले की आजच्या विजयाला आपोआप मर्यादा पडते. ज्याला आज पायात पाय घालून पाडले त्याच्याच मैदानावर, त्याच्याच माणसांसमोर काही महिन्यांनी उभे राहायचे असते. सूड आणि क्षमा या दोन्हींसाठी तारीख ठरलेली असते.

छोट्या लीगमध्ये हा अर्थ अधिक ठळक होतो. मॅकग्रेगर यांच्या पद्धतीचे अनुकरण काही वर्षांतच इंग्लंडभर झाले. गिरण्या, खाणी, चर्च, शाळा आणि दारूचे गुत्ते यांनी आपापले संघ उभे केले. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि किशोर कामगारांना शनिवारी दुपारी दोनला सुट्टी मिळू लागली. हळूहळू ही अर्धी सुट्टी इतर कामगारांपर्यंत पोहोचली आणि त्या मोकळ्या दुपारीने कामगारवस्त्यांना मैदान दिले. पुढे रविवारचा फुटबॉल वाढला. चर्चच्या दिवशी खेळण्याला फुटबॉल असोसिएशनचा फार काळ विरोध होता, पण १९६४ मध्ये तिनेच रविवारच्या संघांसाठी कप सुरू केला. लंडनच्या पूर्व भागातल्या हॅकनी मार्शेसवर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने पडलेल्या घरांचा राडारोडा पसरून जमीन सपाट केली गेली. एके काळी तिथे शंभराहून अधिक मैदाने आखलेली होती. ज्या वस्त्यांची घरे पडली त्याच वस्त्यांची मुले त्या विटांवर उगवलेल्या गवतात खेळली.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापलीकडच्या सिली बेटांवरची लीग मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. तिच्यात दोनच संघ आहेत, वुलपॅक वाँडरर्स आणि गॅरिसन गनर्स. ही नावे १९८४ मध्ये घेतली गेली, त्याआधी तिथे रेंजर्स आणि रोव्हर्स होते. हे दोन संघ हंगामभर एकमेकांशीच खेळतात, लीगमध्येही आणि कपातही. तिसरा कोणी नाही. जिंकणे-हरणे हाच खेळाचा शेवट असता तर ही लीग दुसऱ्याच हंगामात थांबली असती. ती चालते, कारण समोरचा संघ हीच त्या बेटावरची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. त्याच्यावाचून आपणही संघ राहत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

आपल्याकडे या सगळ्याचे खरे भावंड शोधायचे तर कोल्हापूरला जावे लागते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान बांधले आणि शहराच्या पेठापेठांतल्या तालमी भरभराटीला आल्या. पुढे याच तालमींच्या मुलांनी फुटबॉल आपलासा केला. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली आणि या खेळाला घर मिळाले. आज सारे शहर तिला ‘केएसए’ म्हणून ओळखते. संघांची नावे नुसती वाचली तरी शहराचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो: मंगळवार पेठेतली पाटाकडील तालीम, शिवाजी पेठेतली खंडोबा तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ, शिवाय दिलबहार, बालगोपाल, जुना बुधवार, संध्यामठ, प्रॅक्टिस, फुलेवाडी. जिथे लाल मातीत शड्डू ठोकले जात तिथली पोरे राजर्षी शाहू स्टेडियमच्या हिरवळीवर बूट घालून उतरली आणि मागे तालमीचे, पेठेचे नाव घेऊन आली.

क्लब विकत घेता येतो, दुसऱ्या शहरात हलवताही येतो. तालीम हलवता येत नाही. गणपती, जोतिबाची यात्रा, लग्नाचा मांडव आणि अंत्ययात्रा या साऱ्याला जी माणसे एकत्र येतात तीच शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसतात. म्हणून ‘पाटाकडील’ आणि ‘शिवाजी’ यांच्या सामन्यात केवळ अकरा-अकरा खेळाडू समोरासमोर नसतात. शेजारच्या दोन पेठा एकमेकींकडे बघत असतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच बाजारात भाजी घ्यायची असते.

या निष्ठेचा अंधारा भागही सांगायला हवा, नाहीतर लिहिणे खोटे ठरेल. समर्थकांच्या हाणामारीने कोल्हापुरात सामने थांबवण्याची वेळ आली आहे, पोलीस बंदोबस्ताशिवाय मोठा सामना होणे कठीण झाले आहे. संघ बळकट करण्यासाठी बाहेरचे, आफ्रिकी देशांतलेही खेळाडू आणले गेले. त्यांनी खेळाचा दर्जा उंचावला आणि त्याबरोबर पैशाचा आणि निष्ठेचा प्रश्नही उभा केला. इंग्लंडने हे सारे आधी अनुभवले आहे. खेळाडू हौशी की व्यावसायिक हा भेद फुटबॉल असोसिएशनने १९७४ मध्ये कायमचा रद्द केला, कारण तोवर कागदावरच्या हौशीपणाला फारसा अर्थ उरला नव्हता. खेळाडूला चार पैसे मिळावेत यात मला काही गैर दिसत नाही, गरिबाघरच्या मुलाला ते मिळायलाच हवेत. हौशी लीगचा प्राण खेळाडूच्या खिशात नसतो, तो ठरलेल्या दिवशी हजर राहण्याच्या शब्दात असतो. भिशीत ज्याने आपली रक्कम आधी उचलली त्यालाही शेवटच्या हप्त्यापर्यंत यावे लागते, तसेच इथे आहे. विजेतेपदाच्या शर्यतीतून बाहेर पडलेला संघ शेवटचा सामना मनापासून खेळला नाही तर इतरांचाही हिशेब बिघडतो. आणि पायऱ्यांवरून दगड भिरकावणारा माणूस प्रतिस्पर्ध्याच्या आधी आपल्याच तालमीचा शब्द मोडतो.

पुण्याच्या पेठांनी याच विचाराची दुसरी बाजू घडवली. इथे फुटबॉल लष्कराबरोबर कॅम्पात आणि खडकीत आला, पेठांचे मन मात्र देशी खेळांत रमले. सदाशिव पेठेतून लकडी पुलावरून पलीकडे गेले की डेक्कन जिमखाना लागतो. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत १९१४ मध्ये खो-खोचे नियम लिहून काढण्याचे काम झाले. १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ सुरू केले आणि खेळ-व्यायामाला शिस्तीचे शिक्षण जोडले. नियम लिहिणे हे रुक्ष काम वाटते, पण त्याचे मोल फार आहे. अंगणातल्या खेळात वाद झाला की थोरला भाऊ निर्णय देतो. परगावच्या संघाशी खेळायचे तर थोरला भाऊ चालत नाही, दोघांनाही मान्य असा कागद लागतो. लिहिलेला नियम अनोळखी माणसाशी खेळणे शक्य करतो आणि वेळापत्रक त्याच्याशी पुन्हा खेळणे शक्य करते. याच खो-खोची विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाली. प्रतीक वाईकरच्या पुरुष संघाने आणि प्रियांका इंगळेच्या महिला संघाने ती जिंकली. ते विजेतेपद मैदानावर त्या मुलामुलींनीच कमावले, पण त्याच्या फार मागे, एका टेबलाभोवती बसून पाटीपासून पाटीपर्यंतचे अंतर ठरवणारी माणसेही आहेत.

अशा माणसांचा इतिहास कुठे असतो? चिटणिसाच्या घरच्या माळ्यावर, पावती पुस्तकांच्या अर्ध्या पानांत, पंचांनी सही केलेल्या गुणपत्रकांत, जुन्या वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या निकालात. हंगाम संपला की हे कागद रद्दीत जातात. ज्यांना मैदानच नाकारले गेले त्यांचा इतिहास तर रद्दीइतकाही उरत नाही. १९२० च्या बॉक्सिंग डेला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज या कारखान्यातल्या स्त्रियांच्या संघाचा सामना बघायला सुमारे ५३ हजार प्रेक्षक आले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना स्त्रियांच्या सामन्यांसाठी मैदाने देण्यास मनाई केली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. बायका उद्यानांत, मोकळ्या माळावर खेळत राहिल्या, पण मान्यता पावलेले मैदान, पंच आणि तक्ते त्यांच्या वाट्याला आले नाहीत. वेळापत्रकातून नाव वगळणे ही विस्मृतीची पहिली पायरी असते.

म्हणून मला वाटते, कोल्हापुरातल्या प्रत्येक तालमीने आणि पुण्यातल्या प्रत्येक क्रीडा संघाने आपले दफ्तर बांधायला घ्यावे. राजवाडे वाड्यावाड्यांतून पायी फिरले आणि माळ्यावरची, उंदरांनी कुरतडलेली बाडे उतरवून घेतली. मैदानांच्या बाबतीत हे काम त्या मानाने सोपे आहे, कारण यांतले बरेच कागद अजून पन्नास-साठ वर्षांचेच आहेत आणि त्यांवरची माणसे काही प्रमाणात अजून हयात आहेत. त्यांना विचारता येईल की चुना कोण आखत असे, जाळ्या कोण शिवत असे, हरल्यानंतर बसभाड्याचे पैसे कोणी भरले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याचे नाव कोणी विसरणार नाही. पण असा एक खेळाडू वर येण्यासाठी वर्षानुवर्षे दर हंगामाला मैदानावर येणारी शेकडो मुले लागतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला चषक येत नाही.

गुणतक्त्याच्या माथ्यावरचे नाव लोकांच्या तोंडी राहते. तक्ता उभा राहतो तो त्याखालच्या नावांमुळे. वरच्या संघाचा प्रत्येक विजय हा खालच्या कोणाचा तरी पराभव असतो, आणि तो पराभव पत्करायला कोणीतरी कामावरून सुटून, सायकल दामटत, वेळेवर आलेले असते. शेवटच्या क्रमांकाचा संघ खालच्या गटात गेला तरी पुढच्या हंगामात त्याच्या नावापुढे तारीख आणि मैदान लिहिलेले असते. लीगने त्याला दिलेली ही जागा इतिहासानेही त्याला द्यावी. पानिपतात पडलेल्या सेनापतीचे नाव रोजच्या पत्त्यात वागवणाऱ्या पेठेला हे काम अवघड वाटू नये.