बघतोच आहे गं, दिसत नाही



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ८.

अर्जुनाने विश्वरूप पाहायचा हट्ट धरलाय. भगवंत त्याला सांगतात, तुझ्या या रोजच्या डोळ्यांनी ते दिसायचं नाही, म्हणून मी तुला दिव्य दृष्टी देतो. आता अर्जुनाची नजर काही अधू नव्हती. लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकलंय, झाडावरच्या पक्ष्याचा तेवढा डोळाच दिसणारा हा धनुर्धर! तरी त्यालाही दृष्टी मागून घ्यावी लागली. बघायची इच्छा त्याची, दिसणं मात्र देवाच्या हातचं.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचलाय. पण कळला तो गेल्या आठवड्यात, मुंबईत, भर उन्हात, एका पायरीवर.

माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. कराड–मुंबई रातराणी त्यांनी कित्येक वर्षं चालवली. रात्रभर गाडी चालवायची, पहाटे मुंबईत पोचायचं, दिवसा डेपोत झोप काढायची आणि रात्री परत फिरायचं. म्हणजे मुंबईला शेकडो वेळा जाऊनही त्यांनी मुंबई पाहिलीच नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू असल्याचं कळलं. त्यांच्या नजरेच्या कडा हळूहळू विझत चालल्यात, मधलं तेवढं दिसतं. गेलेली नजर परत येत नाही, औषधाचे थेंब घालून उरलेली जपायची, एवढंच.

म्हणून मी ठरवलं, उशीर व्हायच्या आत अण्णांना मुंबई दाखवायचीच. आई, अण्णा, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, असे सगळे निघालो. मोबाईलवर तासातासाचं वेळापत्रक तयार! शनिवारी सकाळी राणीच्या बागेत पेंग्विन, मग शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती. दुपारी गेटवे. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह आणि परतताना दिव्यांनी उजळलेलं सीएसएमटी. प्रत्येक ठिकाणी मी अण्णांना उभं करायचे, फोटो काढायचे आणि म्हणायचे, "चला, पुढचं!" अण्णा काही बोलायचे नाहीत. एका संध्याकाळी मी पाच ठिकाणांवर टिक केली होती आणि मनातून स्वतःवर जाम खूश होते.

रविवारी घारापुरी. (सोमवारी लेणी बंद असतात, जाणार असाल तर लक्षात ठेवा.) गेटवेहून लाँचने तासभर लागतो. वाटेत मुलाने विचारलं, "याला एलिफंटा का म्हणतात? हत्ती कुठाय?" म्हटलं, "अरे, कालच पाहिलास की! इथलाच तो. पोर्तुगीजांनी त्याच्यावरून बेटाला नाव दिलं, आणि आता तो भायखळ्यात आहे." आपण बघतो, पण काय बघितलं ते कळत नाही, याचा हा पहिला धडा. तेव्हा मी नुसती हसले.

धक्क्यापासून पुढे शंभरावर पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्र्या, त्यामुळे कुठे ऊन तर कुठे सावली. डोलीवाले विचारत होते, पण अण्णा म्हणाले, "चालतो मी." दहा-बारा पायऱ्या झाल्या की त्यांचा पाय अडखळायचा. मागून गर्दी. माझं लक्ष घड्याळाकडे. तिसऱ्यांदा ते धडपडले आणि मी ओरडले, "अण्णा, खाली बघून चाला ना! किती वेळा सांगायचं?"

आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. अण्णा थांबले आणि हळूच म्हणाले,

"बघतोच आहे गं. दिसत नाही."

मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांची नजर जातेय म्हणून मी ही सहल काढली होती आणि ती गेलीय, हेच मी विसरले होते. आईने पुढे होऊन त्यांचा हात धरला. वरपर्यंत कुणीच बोललं नाही.

लेण्यात शिरलो. आतल्या अंधाराला डोळे सरावायला वेळ लागला आणि मग समोर तो सदाशिव. डोंगराच्या पोटातून कोरलेला, सुमारे वीस फूट उंच, जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वीचा. अण्णा हात जोडून कितीतरी वेळ उभे. मग म्हणाले, "मला एकच चेहरा दिसतोय. मधला. फार शांत आहे."

तीन मुखं आहेत तिथे. मी सांगायच्या आत मुलगा पुढे झाला. "आजोबा, मान इकडे करा. अजून थोडी. हां! हा रागावलाय बघा, मिशी पण आहे. आणि हातात साप! आता हळूहळू दुसरीकडे. ही देवीसारखी दिसते, हातात कमळ." अण्णा त्याच्या आवाजाबरोबर मान वळवत होते. एकेक मुख त्यांना भेटत होतं. मी म्हटलं, "अण्णा, सदाशिवाची मुखं पाच मानतात. चौथं मागे, खडकात. ते कुणालाच दिसत नाही."

अण्णा हसले. "म्हणजे तुलाही सगळं दिसत नाही तर!"

त्या क्षणी मला संजय आठवला. आपण गीता म्हणजे कृष्ण आणि अर्जुन एवढंच धरतो. पण ती आपल्यापर्यंत आलीय एका आंधळ्या म्हाताऱ्याला कुणीतरी सांगितली म्हणून. व्यासांनी धृतराष्ट्राला दृष्टी देऊ केली होती, कुळाचा संहार बघवणार नाही म्हणून त्याने ती नाकारली. मग ती संजयाला मिळाली. हा आठवा श्लोक संपतो आणि लगेच नवव्यापासून संजय बोलू लागतो, विश्वरूप शब्दांत उभं करू लागतो. धृतराष्ट्राच्या चुकांबद्दल संजयाने त्याला सुनावलंय. पण दिसत नाही म्हणून? कधीच नाही.

दिव्य दृष्टी दोघांना मिळाली. अर्जुनाने ती आपल्यासाठी वापरली आणि तो घाबरला, ओळखीचं रूप परत दाखव म्हणाला. संजयाने ती दुसऱ्यासाठी वापरली. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी तोच सांगतो, की ते रूप आठवून आठवून मला पुन्हा पुन्हा आनंद होतोय. दुसऱ्याला सांगता सांगता दर्शन त्याच्या आत मुरलं.

परतीच्या लाँचमध्ये मी अण्णांच्या शेजारी बसले. म्हटलं, "सकाळी ओरडले. चुकलं माझं." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गाडी मागे घेताना ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. कंडक्टर मागे उभा राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणतो. तो ओरडायला लागला की ड्रायव्हर बिचकतो. शांतपणे सांगितलं की गाडी बरोबर लागते."

संजयावरचं एवढं सोपं निरूपण मी कुठल्या कीर्तनात ऐकलेलं नाही!

गेटवे जवळ येऊ लागला तेव्हा फोन पर्समध्ये ठेवला आणि त्यांना सांगत गेले. "समोर कमान आहे. पिवळसर दगड. बाजूला, नाही, अजून थोडं, ताजचा घुमट." काल याच गेटवेसमोर मी त्यांचे सहा फोटो काढले होते. तो घुमट मात्र मीही आजच नीट पाहिला.

आजची साधना: घरातल्या ज्येष्ठांना काही दाखवायला नेलंत, तर एक ठिकाण कमी करा आणि त्यांच्या चालीने चाला. त्यांना दिसत नसेल, ऐकू येत नसेल, नवा फोन समजत नसेल, तर ओरडायच्या आधी एक श्वास घ्या आणि मनात म्हणा, मला संजय व्हायचंय. आणि हो, घरात कुणाला काचबिंदू असेल तर स्वतःचेही डोळे तपासून घ्या. मी परवाच तपासून आले.

हे पांडुरंगा, मला दिसतंय ते तुझं देणं आहे, हे विसरू देऊ नकोस. ज्यांना कमी दिसतं, त्यांच्याशी बोलताना माझ्या आवाजात तू राहा.

राम कृष्ण हरी!